कलेक्शनला गेलेलं ‘बेबी बॉय’चं बिल: माझा अनुभव

मुलगा आता धावायला लागलाय आणि त्याच्या जन्माच्या वेळचं एक बिल आत्ता कुठे मिटलंय. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लगेच लिहून काढतेय. आम्ही न्यू जर्सीत राहतो, पण अमेरिकेत कुठेही ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांनी हे जरूर वाचावं.

बाळंतपणाचं बिल, डॉक्टर, भूलतज्ज्ञ हे सगळं इन्शुरन्सने बिनबोभाट भरलं. बाळाचं नावही नवऱ्याच्या ऑफिसच्या प्लॅनमध्ये वेळेत घातलं होतं. अडलं ते श्रवणचाचणीवर. दुसऱ्या दिवशी एक बाई छोटं यंत्र घेऊन खोलीत आल्या, झोपलेल्या बाळाच्या कपाळाला आणि मानेला वायरी चिकटवल्या, थोड्या वेळाने ‘पास’ म्हणून गेल्या. त्या हॉस्पिटलच्या नव्हत्या. बऱ्याच ठिकाणी ही चाचणी बाहेरची कंपनी करते आणि तिचं बिल वेगळं येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलात बाळाची नोंद आईच्या आडनावाने होते: ‘बेबी बॉय’ आणि पुढे माझं आडनाव. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. इन्शुरन्समध्ये मुलगा त्याच्या खऱ्या नावाने आणि बाबाच्या आडनावाने. कंपनीने क्लेम ‘बेबी बॉय’च्या नावाने पाठवला आणि इन्शुरन्सने कोड 31 लावून परत केला, म्हणजे ‘हा पेशंट आमच्याकडे नाही’. एक नाव दुरुस्त करून क्लेम पुन्हा पाठवायचा होता, बस. त्याऐवजी कंपनीने 340 डॉलरचं बिल आमच्या जुन्या पत्त्यावर पाठवलं आणि पुढे थेट कलेक्शन एजन्सीकडे, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या कंपनीकडे, दिलं. आमच्या हातात पहिला कागद पडला तो एजन्सीचाच.

इथून पुढे जे झालं त्याने मी रडकुंडीला आले. एजन्सीला फोन केला की पहिला प्रश्न, ‘पेशंटचं नाव?’ मुलाचं नाव सांगितलं की ‘या नावाचं खातं नाही’. ‘बेबी बॉय’ म्हटलं की खातं सापडायचं, पण ‘तुमचं पेशंटशी नातं सिद्ध करा’. इन्शुरन्सची माहिती देते म्हटलं तर ‘आम्ही क्लेम पाठवत नाही, कंपनीशी बोला’. कंपनीच्या बिलिंगला लावायचा, तासभर संगीत ऐकायचं, मग उत्तर, ‘खातं आता आमच्याकडे नाही, एजन्सीशी बोला’. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार आणि आपण मधल्यामध्ये, कडेवर रडणारं पोर घेऊन. एका माणसाने तर क्रेडिट खराब होईल म्हणून धमकावलं. ते खोटं होतं. 2023 पासून तिन्ही क्रेडिट ब्युरो (आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) 500 डॉलरखालची वैद्यकीय थकबाकी रिपोर्टवर दाखवतच नाहीत आणि न्यू जर्सीत 2024 च्या कायद्याने असं बिल ब्युरोला कळवायलाच मनाई आहे. सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर फोन करायचाही त्यांना अधिकार नाही.

ओळखीतले सगळे म्हणत होते, ‘भरून टाक गं, साडेतीनशेच तर आहेत, कशाला डोक्याला ताप?’ मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. नवजात बाळाची श्रवणचाचणी ही अफोर्डेबल केअर ॲक्ट या अमेरिकेच्या आरोग्यविमा कायद्याखाली प्रतिबंधक तपासणी आहे. इन-नेटवर्क, म्हणजे आपल्या इन्शुरन्सशी करार असलेल्या, कंपनीने केली तर बहुतेक प्लॅन्समध्ये पालकांना एक डॉलरही पडत नाही. जे देणं लागतच नाही ते का भरायचं? आणि ‘निदान वीस डॉलर तरी भरा’ या गोड बोलण्याला तर मुळीच भुलू नका. बऱ्याच राज्यांत थोडे पैसे भरले तरी जुन्या देण्यासाठी कोर्टात जायची मुदत नव्याने सुरू होऊ शकते.

गाडी हलली ती फोन बंद करून कागद हातात घेतल्यावर. 1977 च्या कर्जवसुली कायद्याप्रमाणे एजन्सीची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. मी एका पानाचं पत्र लिहिलं: हे देणं मला मान्य नाही, तपशीलवार बिल पाठवा, पेशंटचं खरं नाव आणि इन्शुरन्स क्रमांक हा. सोबत जन्मदाखला आणि इन्शुरन्स कार्डाची प्रत. पोस्टातून सर्टिफाइड मेलने पोचपावतीसह पाठवलं, एक प्रत कंपनीला. ती हिरवी पोचपावती सही होऊन परत आली तेव्हा पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

त्यानंतर मी इन्शुरन्सच्या बाईंनाच कंपनीला फोन लावायला सांगितला, मला लाइनवर ठेवून. तीन बाजू एका फोनवर आल्या आणि इतके महिने ‘अशक्य’ असलेलं काम चुटकीसरशी झालं, क्लेम खऱ्या नावाने गेला. हे तर अगदी सुरुवातीलाच करायला सांगा. पण तोवर क्लेम पाठवायची मुदत टळली होती आणि इन्शुरन्सने कोड 29 लावून तो नाकारला. मी घाबरले, पण ईओबीवर, म्हणजे कुणी किती भरायचं ते सांगणाऱ्या इन्शुरन्सच्या कागदावर, ‘तुमची जबाबदारी’च्या रकान्यात शून्य होतं. कोडच्या आधीची अक्षरं बघा: सीओ असेल तर ती रक्कम कराराप्रमाणे कंपनीने सोडायची असते, पीआर असेल तरच पेशंटच्या अंगावर येते. आमचा सीओ होता. ईओबीची प्रत दोघांना पाठवली आणि कंपनीने खातं एजन्सीकडून परत घेतलं.

एक राहिलंच. बाळाचं नाव ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये घालायला जन्मापासून सहसा 30 दिवस असतात, बारशापर्यंत थांबू नका. आणि घरी निघण्याआधी बाळाला कोणकोण तपासून गेलं, त्या प्रत्येक कंपनीचं नाव नर्सकडून लिहून घ्या. नाव पक्कं झालं की त्या सगळ्यांना स्वतःहून कळवा. खातं बंद झालं की कंपनी आणि एजन्सी, दोघांकडून बाकी शून्य असल्याचं पत्र मागा आणि जपून ठेवा. अशी जुनी खाती दुसऱ्या एजन्सीला विकली जातात, आणि तेव्हा दाखवायला हाच कागद लागतो.