कवितेचा ऑनलाइन अंक काढतोय, पण कविता मागवत नाहीये

तर शेवटी ठरलं. आम्ही तिघं मिळून कवितेचं ऑनलाइन त्रैमासिक सुरू करतोय, पहिला अंक जवळजवळ लागलाय, प्रूफं तेवढी राहिलीत.

कविता मागवत नाहीये म्हणजे काय ते आधी सांगते. नेहमीची पद्धत अशी की 'साहित्य पाठवा' म्हणून आवाहन टाकायचं, मेलवर ढीगभर कविता येतात, संपादक त्यातल्या थोड्या निवडतो, बाकीच्यांना साभार परत, कधीकधी तर पोचसुद्धा नाही. अशा पद्धतीने फार चांगले अंक निघालेत, माझा विरोध नाही त्याला, पण त्यात पाठवायची सवय असलेल्यांच्याच कविता येतात हो. जी माणसं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी नाहीतर वाचनालयाच्या मागच्या खोलीत गोल करून बसतात, वहीतून वाचतात, आणि वाचून झालं की कुणीतरी म्हणतं "शेवटचं कडवं काढून बघ बरं", ती माणसं कुठेच काही पाठवत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपलं हे आपल्यापुरतं. मी अशा एका गटात सात वर्षं बसतेय आणि कवितेचं सगळ्यात खरं संपादन मी तिथेच पाहिलंय. संपादक कवीला ओळखत नसतो. गट ओळखतो, त्याला मागच्या वर्षीची कविता आठवत असते, म्हणून तो म्हणू शकतो की हे तू आधी केलंयस, आता पुढे जा.

म्हणून आमचा प्रत्येक अंक एका गटाचा. निवड गटानेच करायची, आम्ही फक्त मदतीला. आणि प्रत्येक अंकात एका कवितेचा पहिला खर्डा आणि शेवटचं रूप शेजारी शेजारी छापायचं, मध्ये गटात काय बोलणं झालं ते थोडक्यात, अर्थात कवीची तयारी असेल तरच. मला स्वतःला या अंकातलं सगळ्यात जास्त काय वाचायचंय विचाराल तर हेच.

आता खरं काम काय पडलं ते. मला वाटलं होतं कविता निवडणं अवघड जाईल, ते दोन बैठकीत झालं. अडलं ते ओळींवर.

आमच्या गटातल्या एक काकू आहेत, त्यांची एक छोटी कविता पहिल्या अंकात आहे. मी ती व्हॉट्सॲपवरून कॉपी केली, साइटवर टाकली, चाचणीची लिंक पाठवली. दहा मिनिटांत फोन. "अगं, माझी ओळ 'थांब'वर संपते. तू पुढची ओळ तिला चिकटवलीस." बघितलं तर खरंच, वहीत होतं 'थांब' आणि त्याच्या खालच्या ओळीत 'म्हणाले असते', आणि साइटवर झालं होतं 'थांब म्हणाले असते', सलग. शब्द तेच, पण कविता गेली ना. वहीतलं 'थांब' आधी खरोखर ऐकू येतं, कुणीतरी हाक मारल्यासारखं, आणि मग खाली नजर गेल्यावर कळतं की कवितेतली बाई हे म्हणालीच नव्हती. सलग ओळीत ती हाकच उरत नाही.

कारण साधं आहे. एचटीएमएलमध्ये नुसतं एंटर मारून केलेली नवी ओळ ब्राउझर साधी मोकळी जागा समजतो, ओळ तोडायची असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. हे तांत्रिकदृष्ट्या पाच मिनिटांचं काम. पण मग मोबाईल आला. लांब ओळ अरुंद पडद्यावर मावत नाही आणि आपोआप मोडते, आणि वाचणाऱ्याला कळत नाही की ही ओळ कवीने तोडलीय का फोनने. त्यावर उपाय छापील पुस्तकांतूनच घेतला, मोडलेला उरलेला तुकडा थोडा आत सरकवायचा, म्हणजे डोळ्याला समजतं की ही वरचीच ओळ चालू आहे. आणि जिथे शंका वाटेल तिथे कवीकडून कविता वाचून रेकॉर्ड करून घ्यायची, ऐकताना श्वास कुठे घेतलाय ते कळतं. ती रेकॉर्डिंग इतकी छान आली की आता प्रत्येक कवितेखाली आवाजही ठेवतोय.

दुसरं म्हणजे जुने फॉन्ट. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं सारखी दिसावीत म्हणून ठरवलेल्या पद्धतीत, 1991 पासून आहे, तरी कित्येकांच्या कविता अजून जुन्या फॉन्टमधल्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी संगणकावर जुळवलेल्या, फाइलींत पडलेल्या असतात, त्या उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरने बदलता येतात पण डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. एका कवितेत 'दऱ्या' होतं, डोंगरातल्या, ते 'दर्या' होऊन आलं. त्या अर्ध्या र चं एक न दिसणारं चिन्ह असतं, ते वाटेत गळालं की वर रफार बसतो आणि दरीचा समुद्र होतो! आणि वाक्य तरीही बरोबरच वाटतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हापासून नियम केलाय, प्रूफ वाचताना एकाने मूळ वहीतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं.

हक्कांचं आम्ही लगेच ठरवून टाकलं. कवितेचा हक्क कवीकडेच, आम्हाला फक्त प्रसिद्ध करायची परवानगी, पुढे कवीने ती संग्रहात घ्यावी, दुसरीकडे द्यावी, विचारायचीसुद्धा गरज नाही. आणि गटात वाचलेली किंवा गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलेली कविता आम्ही 'पूर्वप्रकाशित' धरत नाही. काही ठिकाणी धरतात. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण मग जो माणूस आपली कविता चार लोकांना दाखवून सुधारतो त्यालाच दार बंद.

आयएसएसएन घ्यायचा का यावर आमच्यात जरा वाद झाला. तो आठ अंकी नंबर नियतकालिकाची ओळख पटवायला असतो, दर्जाचा शिक्का नसतो, पण ग्रंथालयांना नोंद ठेवायला उपयोगी पडतो, म्हणून घेणार आहोत.

पैशाचं मात्र डोक्यातून जात नव्हतं. 1912 मध्ये कवयित्री हॅरिएट मन्रो यांनी शिकागोत 'पोएट्री' हे कवितेचं मासिक सुरू केलं तेव्हा पहिल्या अंकाच्या आधी शंभर जण गाठले होते, प्रत्येकाने वर्षाला पन्नास डॉलर द्यायचे, पाच वर्षं. ते मासिक आजही निघतंय. म्हणजे आधी मुदत ठरवली आणि मग अंक काढला, हे मला फार पटलं, कारण कवितेची किती नियतकालिकं दुसऱ्या-तिसऱ्या अंकानंतर न सांगता थांबतात आणि त्यात लिहिणाऱ्यांना कळतही नाही की आपली कविता आता कुठे आहे. आमच्याकडे शंभर जण नाहीत. म्हणून चारच अंक जाहीर करतोय, एका वर्षाचे, डोमेन मात्र पाच वर्षांचं भरलंय, आणि प्रत्येक अंकाची पीडीएफ त्या त्या गटाकडे, शिवाय पानं वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर, जतन. पुढे आम्ही असू नसू, कविता सापडली पाहिजे.

पहिल्या अंकात अकरा कविता आहेत. काकूंची चौथ्या पानावर आहे, 'थांब' एकटंच आहे आता त्या ओळीत, त्यांनी फोनवर झूम करून बघितलं आणि नुसतं "हं, बरोबर" म्हणाल्या.

दुसरा अंक कुणाचा ते अजून ठरलेलं नाही. तुमचा गट असेल, तिघांचा असला तरी चालेल, तर कविता पाठवू नका, पुढच्या बैठकीची तारीख कळवा. मी येऊन मागे बसेन आणि ऐकेन.