कास, बामणोली, चाळकेवाडी: गाडी अंगाला बसवून घेतली त्याची गोष्ट

पुण्याहून साताऱ्याला येताना शिरवळलाच माझं माकडहाड ठणकायला लागायचं. खंबाटकीचा घाट चढून आलो की दोन्ही तळहातांना मुंग्या. गाडी म्हणजे मोटरसायकल, खराब रस्त्यावरही चालणाऱ्या ॲडव्हेंचर प्रकारातली: पुढचं चाक 21 इंची, मागचं 17, सीटची उंची 800 मिमी. माझी उंची पाच फूट अकरा इंच. गाडीवर माझा जीव आहे, विकायचा विचार कधीच नव्हता. मग ती माझ्या मापाची करून घ्यायची असं ठरवलं.

दिवाळीनंतर एकेक बदल करत गेलो, आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता फिरलो. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट, कास, पुढं बामणोली. परत येऊन सज्जनगडच्या बाजूनं ठोसेघर आणि वर चाळकेवाडी. दिवसभरात दीडशे किलोमीटरच्या आसपास होतात आणि तेवढ्यात सगळं भेटतं: घाटातली अवघड वळणं, गुळगुळीत डांबर, उखडलेला रस्ता, पठारावरचा आडवा वारा. एका वेळी एकच बदल करा, हे माझं पहिलं सांगणं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही, आणि बिघडलं तरी दोष कुणाचा ते सापडत नाही.

सुरुवात बिनपैशाच्या कामापासून केली. हँडलचे क्लॅम्प ढिले करून हँडल किंचित माझ्याकडं फिरवलं. मग क्लच आणि ब्रेकचे लिव्हर खाली झुकवले, इतके की गाडीवर बसून बोटं लिव्हरवर ठेवली की कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत यावा. आधी माझं मनगट दिवसभर वर मुडपलेलं असायचं. एक एलन की आणि दहा मिनिटं एवढंच लागलं, आणि मुंग्या निम्म्यानं कमी झाल्या.

दुसरं काम मागच्या शॉकॲब्जॉर्बरचं. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते, वाढवला की गाडी कडक होते असा पक्का समज आहे. स्प्रिंगचा कडकपणा त्यानं बदलत नाही. तुमच्या वजनाखाली गाडी किती बसते ते बदलतं. जास्त बसली तर खड्ड्यात स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही आणि शेवटचा दणका थेट मणक्यात जातो. माप घ्यायला मित्राला बोलवा. मागचं चाक हवेत लोंबकळतं ठेवून एक्सलपासून वर शेपटावरच्या एका खुणेपर्यंत टेप लावा. मग चाक जमिनीवर टेकवून हेल्मेट-जॅकेटसह गाडीवर बसा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या, म्हणजे ते वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास हवा. माझ्या गाडीला मागं 180 मिमी प्रवास आहे, फरक आला 72. प्रीलोड दोन खाचा वाढवल्यावर तो 56 वर आला. बामणोलीच्या उतारावर जिथं दर खेपेला कंबरेत कळ यायची, तिथं त्या दिवशी नुसता ‘धप्प’ आवाज आला. मागं कुणी बसणार असेल किंवा सामान बांधणार असाल तर प्रीलोड पुन्हा वाढवा, आणि रात्री निघण्याआधी हेडलाइटचा झोत कुठं पडतो तेही बघून घ्या, कारण मागची बाजू वर-खाली झाली की झोतही हलतो.

आता सीट. यात मी एकदा पैसे घालवले. पहिल्यांदा एका ठिकाणी मऊ, जाड फोम भरून घेतला. दुकानात बसून बघितलं तर गादीच. कास तलावापर्यंत जाईस्तोवर फोम दबून हाड खालच्या तळाला टेकलं. दुसऱ्यांदा एका वयस्कर सीटवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी आधी गाडीवर बसायला लावलं, बाजूनं बघितलं आणि म्हणाले, “तुम्ही बसत न्हाई, घसरताय. सीट पुढं उतरती हाय.” मग रेक्झिन उकलून त्यांनी पुढच्या भागात घट्ट फोमचा पाचरीसारखा तुकडा चिकटवला. बसायची जागा सपाट झाली. मांड्या येतात तिथल्या कडा पात्यानं तासून गोल केल्या. मी रेक्झिनशिवाय तसाच बसायचो, उठायचो, ते हातानं चाचपून पुन्हा तासायचे. असं पाच-सहा वेळा झालं. सगळ्यात वर बोटभर मऊ थर. खाली घट्ट, वर मऊ, हा क्रम लक्षात ठेवा. रेक्झिन चढवायच्या आधी एक चक्कर मारू द्या असं सीटवाल्याला सांगा, चांगला कारागीर नाही म्हणत नाही. सीट 20 मिमी वर आल्यानं गुडघ्याचा कोनही मोकळा झाला. उंची कमी असेल तर मात्र असं करू नका. घाटात थांबताना पाय पक्का टेकणं जास्त गरजेचं.

आणि रायझर. हँडल 30 मिमी उंच करणारे तुकडे एका गॅरेजमधून बसवून घेतले. यवतेश्वरच्या घाटात एका वळणावर हँडल पूर्ण डावीकडं वळलं आणि मी मूठ पिळलेली नसताना इंजिनचा आवाज चढला. थ्रॉटलची केबल ताणली गेली होती. क्लच दाबला म्हणून वाचलो, समोरून एसटी येत होती. हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो. रायझर बसवल्यावर गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. आवाज जराही बदलला, क्लचची ढील संपली किंवा ब्रेकचा पाइप ताठ झाला तर गाडी तिथून हलवू नका. मी केबल्सचा मार्ग बदलून घेतला, मग सगळं ठीक झालं. उखडलेल्या रस्त्यावर उभं राहून चालवताना आता वाकावं लागत नाही, रायझरचा खरा उपयोग तिथं आहे.

विंडशील्डचं एक्स्टेन्शन, म्हणजे समोरच्या काचेची उंची वाढवणारा तुकडा, लावलं आणि काढून टाकलं. ऐंशीच्या पुढं हेल्मेट थडथडायचं. चाचणी सोपी: हायवेवर सरळ, मोकळ्या पट्ट्यात फूटपेगवर थोडं उभं राहा. थडथड थांबली तर काचेवरून येणारा भोवऱ्यासारखा वारा डोक्यावर आदळतोय. माझ्या उंचीला काच खाली असलेलीच बरी.

रस्त्याबद्दल थोडं. टाकी साताऱ्यातच भरा. कासपासून पुढं रस्ता खराब लागला तर हवा दोन-तीन पीएसआय कमी करा, पण ट्यूबचे टायर असतील तर त्याहून खाली जाऊ नका, खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चेमटते. पंप जवळ ठेवा आणि डांबरावर आलात की हवा पूर्ववत करा. चाळकेवाडीत पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. मागं सामानाची पेटी (टॉप बॉक्स) असेल तर आडवा वारा गाडी ढकलतो. मूठ घट्ट आवळू नका, खांदे सैल सोडा, वेग कमी ठेवा. फुलांच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, कासला शनिवार-रविवारी जाऊ नका. आणि कृपा करून ॲडव्हेंचर गाडी आहे म्हणून सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चाक घालू नका. कातळावर चार बोटं माती आहे, तिच्यातच ती फुलं उगवतात. 2012 पासून कास पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. एका टायरच्या चाकोरीनं तिथं जे मरतं ते मी जवळून बघितलंय.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सुद्धा ध्यानात असू द्या. आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. सीट, लिव्हर, प्रीलोड या गोष्टींनी तो बदलत नाही.

घरी आल्यावर रायझरचे बोल्ट तपासले. चारांतला एक पाव आटा फिरला. पुन्हा आवळले, आणि बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पपर्यंत नेलपॉलिशची एक पांढरी रेघ ओढली. बोल्ट फिरला की रेघ तुटते. आता किल्ली लावायच्या आधी मी ती रेघ बघतो.