तुम्ही विचारलंत म्हणून: मेल्यावर शरीर ताठ का होतं?

शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. बहुतेकदा घरात कुणी गेल्यानंतर, दबक्या आवाजात. स्नायू आवळायला ताकद लागते. प्राण गेला की ताकद संपली. मग शरीर सैल पडायला हवं. सुरुवातीला पडतंही. पण काही तासांनी ते लाकडासारखं ताठ कसं होतं?

स्नायूला ओढण्यासाठी इंधन लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. धरलेलं सोडायलाही तेच इंधन लागतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. सगळं उत्तर त्यात आहे, पण ते पटायला स्नायूच्या आत शिरावं लागेल.

मांडीच्या स्नायूतला एक तंतू म्हणजे एकच पेशी. जाडी केसाइतकी किंवा त्याहून कमी, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर. गर्भात अनेक पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते, म्हणून तिच्यात केंद्रकंही अनेक असतात. आत साधारण एक मायक्रोमीटर जाडीच्या शेकडो-हजारो दोऱ्या शेजारी शेजारी भरलेल्या असतात आणि प्रत्येक दोरी सार्कोमिअर नावाच्या छोट्या खणांची माळ असते. एक खण दोन मायक्रोमीटरपेक्षा जरासा मोठा, म्हणजे एका सेंटिमीटरात चार-साडेचार हजार खण.

खणाच्या दोन्ही टोकांच्या भिंतींतून अ‍ॅक्टिनचे बारीक धागे आत आलेले असतात. मधोमध मायोसिनचे जाड धागे (ही दोन्ही प्रथिनं आहेत), प्रत्येक १.६ मायक्रोमीटर लांब. एका जाड धाग्यात सुमारे ३०० मायोसिन रेणू आणि प्रत्येक रेणूला दोन डोकी. स्नायू आवळतो तेव्हा यातला एकही धागा आखूड होत नाही. अर्धी उघडलेली काडेपेटी आत ढकलून बघा: आतला खण तेवढाच राहतो, वरचं वेष्टनही तेवढंच, एकूण लांबी मात्र कमी होते. तसेच अ‍ॅक्टिनचे धागे मायोसिनच्या धाग्यांमधून आत सरकतात. हे १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडलं: ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन, तसंच अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं.

आता एका डोक्याकडे बघू. विहिरीतून पोहरा ओढताना हात जसे चालतात, तसं ते चालतं: धरायचं, ओढायचं, सोडायचं, पुढे धरायचं. समजा, डोकं अ‍ॅक्टिनला चिकटलेलं आहे आणि त्याची ओढ देऊन झाली आहे. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या त्या इंधनाचा, एक रेणू येऊन डोक्याला लागतो आणि पकड सुटते. मग ते एटीपी फुटून त्याचे एडीपी आणि फॉस्फेट असे दोन तुकडे होतात आणि त्यातल्या ऊर्जेवर डोकं उंदराच्या सापळ्यासारखं ताणून सज्ज होतं. ते अ‍ॅक्टिनला थोडं पुढे धरतं, फॉस्फेट निसटतं, डोकं कलतं आणि धागा पाच-दहा नॅनोमीटर ओढला जातो. शेवटी एडीपीही बाहेर पडतं. आता डोकं पुन्हा चिकटलेलं, आणि नवं एटीपी येईपर्यंत ते सुटणार नाही. जिवंत स्नायूत एटीपी हजरच असतं, म्हणून ही चिकटलेली अवस्था क्षणभरच टिकते.

डोक्यांनी वाटेल तेव्हा धरू नये, यासाठी पहारा असतो. शिथिल स्नायूत ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची दोरी अ‍ॅक्टिनवरच्या धरायच्या जागा झाकून ठेवते. मज्जातंतूचा संदेश आला की पेशीतल्या जाळीदार साठ्यातून कॅल्शियम बाहेर येतं, या दोरीला जोडलेल्या ट्रोपोनिन या प्रथिनाला लागतं, दोरी बाजूला सरते आणि जागा उघड्या पडतात. संदेश थांबला की कॅल्शियम उपसून परत साठ्यात भरावं लागतं. या उपशाला दर दोन कॅल्शियममागे एक एटीपी खर्च होतं. थोडक्यात, सैल पडण्यासाठी दोन ठिकाणी इंधन लागतं.

मृत्यूनंतर रक्त थांबतं, प्राणवायू संपतो. तरी स्नायूपेशी लगेच रिकाम्या होत नाहीत. आधी क्रिएटिन फॉस्फेट आणि मग ग्लायकोजेन (साठवलेली साखर) या राखीव साठ्यांवर त्या काही काळ एटीपी बनवत राहतात. या काळात शरीर मऊ असतं. लॅक्टिक आम्ल साठतं, ग्लायकोजेन सरतं आणि एटीपी संपत जातं. उपसा बंद पडतो, कॅल्शियम पाझरतं, झाकलेल्या जागा उघडतात, डोकी चिकटतात. सोडवणारं एटीपी आता येत नाही. ही जोराची ओढ नव्हे, असंख्य डोक्यांचं एकदम अडकून बसणं आहे. म्हणून हातपाय फारसे हलत नाहीत, ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत ताठतात.

पोटरीत गोळा येतो तो याच जातीचा का, असंही विचारतात. नाही. तिथे मज्जातंतू थांबायचं नाव घेत नाही, एटीपी भरपूर असतं. म्हणूनच पाऊल वर ओढून पोटरी ताणली की गोळा सुटतो.

आपल्याकडे हा ताठरपणा साधारण दोन-तीन तासांत जाणवू लागतो आणि बारा तासांच्या आसपास सर्वांगात भिनतो. उन्हाळ्यात तो १८ ते ३६ तास टिकतो, हिवाळ्यात २४ ते ४८. मृत्यूपूर्वी खूप धावपळ, आकडी किंवा मोठा ताप असेल तर तो लवकर येतो, कारण इंधन आधीच संपत आलेलं असतं. पुढे तो उतरतो, पण त्याचं कारण एटीपी परत येणं हे नव्हे. विकरं आणि कुजण्याची क्रिया धागेच तोडू लागतात.

तो स्नायूंत जवळपास एकाच वेळी सुरू होतो, पण दिसतो आधी लहान स्नायूंत: पापण्या, जबडा, मान, मग हात, शेवटी पाय. म्हणून घरातली जाणती माणसं आधी डोळे मिटवतात, हनुवटीखालून फडकं बांधतात, हातपाय सरळ करतात. या घाईत हृदयशून्यता नाही. ती वेळ टळली तर ते काम जमत नाही. पूर्ण ताठलेला सांधा जोर लावून वाकवला, तर तिथला ताठरपणा मोडतो आणि पुन्हा येत नाही. त्यामुळे मृत्यू संशयास्पद असेल, पोलिसांना कळवायचं असेल, तर डॉक्टर तपासेपर्यंत शरीराला हात लावू नका. कुठला सांधा किती ताठ आहे, यावरूनही त्यांना मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधायचा असतो.