नंबर तोच, मग दिसत का नाही?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी चादरी तपासतो. जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन झालं, गाठ गेली, पण नसांचं दुखणं राहिलं. त्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या बराच काळ चालू होत्या. त्या गोळ्यांनीच मला कामावर उभं केलं, हे आधी सांगतो. पण संध्याकाळच्या पाळीत मरून चादरीवर तिरका गेलेला धागा मला दिसेनासा झाला. शेजारच्या पोरानं बोट ठेवलं की मगच दिसायचा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तक्ता वाचून घेतला. नंबर तोच, मोतीबिंदू नाही. मग खोलीत अंधार करून त्यांनी बाहुली पाहिली आणि विचारलं, "काका, दुखण्यावर काय घेता?" अंधारातही ती मोहरीएवढीच होती. मॉर्फिनची अंगाला सवय होते, तसा दुखण्यावरचा गुण कमी पडत जातो. बाहुली मात्र आकसलेलीच राहते. कमी उजेडात आत प्रकाशच पुरेसा जात नाही.

पुढचं ऐकून मी चक्रावलो. रेषेचा कल ओळखणाऱ्या पेशी मेंदूच्या मागच्या भागात असतात; त्या शोधणाऱ्या ह्युबेल आणि वीझल यांना १९८१ चं नोबेल मिळालं. मांजरांना दीर्घकाळ मॉर्फिन दिल्यावर याच पेशी समोर काही नसतानाही जास्त संदेश सोडू लागल्या आणि कल ओळखण्यात ढिल्या पडल्या. माझ्या डोक्यात तेच झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासणीत माणसाच्या मेंदूतली एकेक पेशी अशी तपासत नाहीत.

दुखण्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं, गोळी एकदम सोडायची नाही. नसांसाठी दुसरं औषध सुरू करून मॉर्फिन थोडं थोडं उतरवलं. प्रत्येक पायरीला जांभया, नाकातून पाणी, अंगावर काटा, जुलाब. बाहुल्या उलट मोठ्या झाल्या आणि सोलापूरचं ऊन सोसेना; दुपारी घरातही मी टोपी पुढे ओढून बसायचो. एकदा दुखणं उसळलं तेव्हा डॉक्टरांनी डोस पुन्हा एक पायरी वर नेला. तिथे थांबलो, मग परत उतरलो.

आता मॉर्फिन बंद आहे. संध्याकाळी तिरका धागा बहुतेक वेळा माझा मलाच सापडतो. यात बाहुलीचा वाटा किती आणि मेंदूचा किती, हे कुठल्याच तपासणीत निघालं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी केसपेपरवर औषधाचं नाव, डोस आणि बाहुलीचं माप लिहून ठेवलंय. पुढच्या तपासणीला तो कागद घेऊन जाणार आहे.