"काय झालं?"

बुधवार, रात्री पावणेबारा

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. तिसऱ्या रिंगला उचलला आणि पहिलेच शब्द, "काय झालं?"

मागे नळ चालू होता, भांडी घासत असावी. तो तिने बंद केला. धार तुटली, दोन थेंब भांड्यात टपटपले आणि मग एकदम शांत. वाईट बातमी नीट ऐकू यावी म्हणून माणूस हातातलं सगळं थांबवतो ना, तसं.

"काही नाही गं, सहज केला."

"सहज?"

"हो. सहज."

मग दोघींनाही काही सुचेना. तब्येत, हवा, परत कधी. आठ मिनिटं. शेवटी ती म्हणाली, "तू कामात असशील म्हणून मी फोन करत नाही." हे ऐकून राग आला, पण कुणाचा ते कळलं नाही. तेव्हापासून ते 'काय झालं' डोक्यातून जात नाहीये.

वेळेचाही दोष असेल. इथे सात वाजले होते, तिच्याकडे साडेदहा. रात्री साडेदहाला फोन वाजला तर कुणाच्याही पोटात धस्स होतं. पण साडेदहा ही आमचीच तर वेळ होती! फोन उचलला की ती थेट काल अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून सुरू करायची. 'हॅलो' म्हटल्याचंसुद्धा आठवत नाही.

फोन ठेवल्यावर कॉलची यादी खाली खाली सरकवत गेले. टॅक्सीवाला, रिसेप्शन, ऑफिस, घर, ऑफिस, अनोळखी नंबर, घर. तिचं नाव सापडलं ते सात आठवड्यांपूर्वीचं. सात आठवडे आणि तीन शहरं. आणि या सगळ्या काळात मी मनाशी ठामपणे म्हणत होते की आपण संपर्कात आहोत.

म्हणत होते, कारण मला तिचं सगळं माहीत असतं. चष्म्याची फ्रेम बदलली, माहीत आहे. बाल्कनीतली कुंडी फुटली, माहीत आहे. स्टेटसला बघितलं, बदाम टाकला, पुढे सरकले. २०१४च्या नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका आल्या तेव्हा आम्ही दोघी किती वैतागलो होतो, वाचलेलं लपवता येणार नाही म्हणून. आता मी त्या टिकांवरच निभावून नेतेय. वाचलं, म्हणजे पोचलं. पोचलं, म्हणजे झालं बोलून. पण ती कुंडी कशी फुटली हे मी विचारलंच नाही. वाऱ्याने पडली की कुणी पाडली, तिला वाईट वाटलं का, काही म्हणजे काही माहीत नाही.

ऑफिसचंही तेच, फक्त तिथे जाणवायला उशीर लागतो. रोज मीटिंग असते, रोज सगळ्यांचे चेहरे चौकोनात दिसतात. मीटिंग ठरल्या वेळी सुरू होते, ठरल्या वेळी संपते आणि चौकोन एकेक करून विझतात. खुर्च्या मागे सरकवताना जे बोलणं व्हायचं ते कुठेच होत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीतले संशोधक थॉमस अ‍ॅलन यांनी १९७०च्या दशकात इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर आणि त्यांचं आपसातलं बोलणं यांचा मेळ घातला होता. अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं आणि ५० मीटरच्या पुढे तर जवळजवळ तळाला जातं. ५० मीटर म्हणजे मजल्याचं दुसरं टोक! माझं टेबल आता कुठल्या टोकाला आहे? सरांच्या निरोपाचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी विमानतळावर रांगेत होते. निरोप आहे हेच मला... जाऊ दे.

घरी मात्र रोज फोन होतो. न चुकता. आणि नेमकं हेच मागे वाचलेलं आठवलं. रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्स या संशोधकांनी शाळा संपवून बाहेर पडलेल्या मोजक्या मुलामुलींची नाती १८ महिने तपासली. घरच्यांशी असलेली नाती अंतर पडलं तरी बऱ्यापैकी तगून राहिली, मैत्री झिजली. मुलींची मैत्री टिकवायला बोलणं उपयोगी पडलं, मुलांची टिकवायला सोबत काहीतरी करणं. बोलणं. बदाम नाही.

मघाशी मी स्वतःला फार बिचारी समजत होते. हॉटेलची खोली, दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय न लागणारे दिवे, एकटीचं जेवण, आणि वर जिवाभावाची मैत्रीण परक्यासारखी विचारते, काय झालं? आता पुन्हा पुन्हा आठवतेय तर नळच जास्त ऐकू येतोय. दिवसभर दमून भांड्यांशी उभी होती, माझं नाव बघितलं आणि हात थांबवला. मी म्हटलं असतं, "ये," तर तिने तिकीट काढलं असतं. परक्यासाठी कुणी नळ बंद करत नाही.

पण म्हणून बरं वाटतंय असंही नाही. काही झाल्यावरच फोन करणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ असतात. तिच्या यादीत मी त्यांच्यात जाऊन बसले, तेही माझ्याच पायाने.

उद्या परत करावा का? लागोपाठ दोन दिवस केला तर खरंच घाबरेल.

गुरुवार, सकाळी

सहा चाळीसला फोन वाजला. गजर समजून बंद करणार होते, तर तिचं नाव. उठून बसले आणि तोंडातून निघालं, "काय झालं?"

ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "कुंडी. तू विचारलं नाहीस."

मांजराने पाडली. कुणाचं मांजर, ते आत कसं आलं, शेजाऱ्यांशी त्यावरून काय झालं, सगळं सांगितलं. मागे नळ धो धो चालू होता आणि तो तिने बंद केला नाही. अर्धं मला कळलंही नाही, दोनदा "काय, काय?" म्हणून ओरडले. तेवीस मिनिटं झाली. शेजाऱ्यांचं अजून सांगायचं राहिलंय आणि खाली गाडी येऊन थांबली आहे.