पावसाआधीची पालवी

साताऱ्याहून कासला माणसं जातात ती सप्टेंबरात. फुलं, धुकं, गाड्यांची रांग, सगळं रीतसर. चैत्रात त्या वाटेला कुणी फिरकत नाही, आणि खरं सांगायचं तर ते बरंच आहे. पठार तेव्हा भाजून काळं पडलेलं असतं, तिथं थांबण्यासारखं काही नाही. पण तसंच पुढं कोयनेच्या खोऱ्यात उतरलं की कोशिंब पेटलेला दिसतो. लांबून बघणारा हमखास म्हणतो, काय फुललंय झाड! फुलं कसली, ती पानं असतात. लालभडक, लसलशीत, उन्हात आरपार दिसणारी. हिरवं द्रव्य भरायच्या आधी पानात तांबडं भरतं. कोवळ्या पानाला ऊन बाधू नये म्हणून, असं काही जाणकार मानतात. किडीला ते नकोसं वाटावं म्हणून, असं दुसरे. मला दोन्ही पटतं.

मला कोडं पडायचं ते पाण्याचं. ह्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि माण-खटावला पाचशेची मारामार. पण चैत्रात दोन्हीकडं आभाळ कोरडंच. मग नवी पालवी फोडायची ऐपत झाडात येते कुठून? उत्तर पानगळीत आहे. चारा-पाणी संपलं की माणदेशात जनावरं छावणीला लावतात. झाडही पाणी पिणारी आपली दावण अशीच मोकळी करतं. पानं गेली की बाष्प होऊन उडणारं पाणी थांबतं. खोल गेलेली मुळं जमिनीतली उरलीसुरली ओल ओढत राहतात, ती खोडात साठते आणि डोळे फुगायला लागतात. त्यात दिवस मोठा होत जातो. बऱ्याच झाडांना तेवढा इशारा पुरतो, ढगाची वाट बघत बसावं लागत नाही.

शेतकऱ्याचं वर्ष मृगाला सुरू होतं, जंगलाचं त्याच्या कितीतरी आधी. माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण उभे राहून फुलतात. आड यायला पानच नसतं, त्यामुळं मैना, बुलबुल, कोतवाल यांना फूल दुरून दिसतं. सावरीवर सकाळी जो कलकलाट असतो तो आठवडी बाजारालाही लाजवील. खाली पडलेली मांसल फुलं भेकरं खाऊन जातात. महाबळेश्वराकडं अंजनी फुलते. तिच्या फांद्यांना बिलगलेले निळे-जांभळे झुबके बघायला मात्र जवळ जावं लागतं, गाडीतून काही कळत नाही.

घाई सगळ्यांची असली तरी हिशेब एकेकाचा वेगळा. सावरीचं बोंड उन्हाळ्यातच उकललं पाहिजे; कापूस भिजला तर बी उडणार कशावर? जांभळाचं नेमकं उलट. त्याचं बी वाळलं की मेलं, साठवून ठेवता येत नाही. ते ओल्या मातीतच पडायला हवं. म्हणून जांभूळ भर उन्हाळ्यात मोहरून घेतं आणि फळ पिकवतं ते ज्येष्ठात, पहिल्या सरींच्या बेताला. वळवाचा एखादा दणका मधेच बसून मोहर झडला, तर त्या वर्षी फळ कमी. तेवढा धोका ते दरसाल पत्करतं.