एका धमनीची घाई, दुसरीची वाट

डाव्या डोळ्यावर वरून खाली पडदा उतरला. दुखलं नाही, खुपलं नाही. हातातल्या वर्तमानपत्राचा वरचा भाग आधी गेला, मग सगळाच काळोख झाला, आणि तीन-चार मिनिटांत पडदा आला तसा निघून गेला. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं समजून मी कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं तेव्हा मुलीला सांगितलं. ती तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

त्यांनी बाहुली मोठी करून आतवर तपासलं आणि म्हणाले, "काका, डोळा ठीक आहे. दोष मानेतल्या धमनीत असावा. आजच्या आज डॉपलर, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या." दुखत काहीच नव्हतं म्हणून एक आख्खा दिवस मी नुसता घालवला होता. आज ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो: एका डोळ्यासमोर असा पडदा आला, एखाद्या बाजूचा हात लुळा पडला किंवा बोबडी वळली आणि पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. बरं वाटतंय म्हणून थांबू नका.

घशाच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की ठोके लागतात, त्या कॅरोटिड धमन्या. मेंदूला आणि डोळ्याला रक्त तिथून जातं. जबड्याच्या कोनाखाली ही धमनी दुभंगते, आणि नेमका तिथेच चरबीचा आणि चुन्याचा थर साचतो. त्यावरून एखादा कण सुटतो आणि डोळ्याच्या बारीक धमनीत जाऊन अडकतो. तो विरघळला की पडदा उठतो. पुढचा कण मेंदूकडे गेला तर पक्षाघात. माझ्या डाव्या धमनीत ८० टक्के अडथळा निघाला. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्येही, तेवढाच दिसला. रक्त गोठू न देणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू झाल्या.

ज्या व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांकडे, मला पाठवलं, त्या या धमन्यांवर आणि हृदयातून निघून पोटापर्यंत जाणाऱ्या महाधमनीवर बरीच वर्षं संशोधन करत आल्या आहेत. माझा जन्म लेखापरीक्षणात गेला, म्हणून मी पहिल्याच भेटीत म्हटलं, "मॅडम, मला धीर नको, आकडे द्या." त्यांनी कागद पुढे ओढला. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या नॅसेट या चाचणीचा निष्कर्ष आला. लक्षणं दिसलेले, ७० टक्क्यांहून जास्त अडथळ्याचे रुग्ण. नुसत्या औषधांवर असलेल्या १०० जणांपैकी २६ जणांना दोन वर्षांत त्या धमनीच्या बाजूच्या मेंदूत पक्षाघात झाला. मान उघडून धमनीतला थर काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ जणांना. "औषधं तेव्हापेक्षा आता पुष्कळ सुधारली आहेत," त्या म्हणाल्या, "त्यामुळे २६ हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावू नका."

त्याखाली त्यांनी आणखी दोन आकडे लिहिले, ५ आणि १२५. लक्षणं दिसल्यापासून दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली, तर पाच जणांमागे एकाचा पक्षाघात टळतो. बारा आठवडे उलटून गेल्यावर तोच एक टाळायला १२५ जणांची मान उघडावी लागते. जुन्या चाचण्यांची आकडेवारी पुन्हा मांडून हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. धोका सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि मग ओसरत जातो. दुसरं मत घ्यायला महिनाभर फिरायचा माझा बेत होता, तो मी तिथल्या तिथे सोडला.

एक प्रश्न मात्र विचारलाच: तुमच्या स्वतःच्या हातून किती झाल्या, आणि त्यांत किती बिघडल्या? विचारताना जीभ जड झाली होती. त्यांना राग आला नाही. उलट हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा असं म्हणाल्या. लक्षणं असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेमुळे होणारे पक्षाघात आणि मृत्यू ६ टक्क्यांच्या वर गेले, तर शस्त्रक्रियेचा फायदाच उरत नाही. त्यांची नोंद दोन टक्क्यांच्या आत होती. स्टेंटचंही, म्हणजे मान न उघडता धमनीत बसवायच्या जाळीच्या नळीचंही, विचारलं. माझं वय ७१. सत्तरीपुढच्या माणसाला स्टेंट घालताना पक्षाघाताचा धोका जास्त, म्हणून तो पर्याय मागे पडला.

नवव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पूर्ण भूल की फक्त मानेची, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांच्या एका चाचणीत दोन्हींत फरक आढळला नव्हता. मी जागं राहणं निवडलं. मानेत इंजेक्शनं दिली, तोंडावरून कापड वर उचलून धरलं आणि उजव्या हातात दाबला की चिवचिवणारा रबरी बदक दिला. डाव्या धमनीवर मेंदूचा जो भाग अवलंबून, तो उजवा हात चालवतो. धमनी चिमट्याने बंद केल्यावर मेंदूला दुसऱ्या बाजूने पुरेसं रक्त मिळतंय का, हे त्या बदकाच्या आवाजावरून कळणार होतं.

"आता बंद करतेय. दाबा." मी दाबलं. "पुन्हा." पुन्हा दाबलं. भूल देणारे डॉक्टर शंभरातून सात-सात वजा करायला सांगत होते. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. आयुष्यात इतक्या काळजीने मी कुठलाच हिशेब केला नसेल. हात ढिला पडला असता तर रक्त वळवायला तात्पुरती नळी घालावी लागली असती. ती वेळ आली नाही. मान ओढल्यासारखी वाटत होती, पण दुखत नव्हतं. अर्ध्या तासाने चिमटा निघाला. त्या आवाजाकडे मुलगी बाहेरच्या दारापाशी कान लावून उभी होती, हे तिने पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं.

ती रात्र रक्तदाब मोजण्यात गेली. वर्षानुवर्षं कमी रक्तावर भागवलेल्या मेंदूकडे एकदम जोराचा प्रवाह गेला तर अपाय होऊ शकतो. डाव्या कानाची पाळी आणि जबड्याची कड बधिर झाली, ती अजून थोडी आहेच. दाढी करताना तिथे सावकाश हात फिरवतो. आवाज तीन आठवडे घोगरा होता.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी पोटाची सोनोग्राफी करायला लावली. मी अठ्ठावीस वर्षं सिगारेट ओढली होती, आणि महाधमनीच्या फुगवट्याला, म्हणजे भिंत कमजोर होऊन ती फुगण्याला, धूम्रपानाइतकं मोठं दुसरं कारण नाही. पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. माझी ४.३ निघाली. मी म्हटलं, हीही आत्ताच करून टाका. त्या म्हणाल्या, "इथे थांबायचं."

हे पचायला फार जड गेलं. जी बाई मानेसाठी एक आठवडा वाया जाऊ देत नव्हती, तीच पोटासाठी वर्षभराने या म्हणत होती. फुगवटा फुटेल या भीतीने बॉम्ब घेऊन फिरतोय असं वाटायचं. रात्री पोटावर हात ठेवून ठोके मोजत पडायचो. पुढच्या भेटीत त्यांनी पुन्हा कागद ओढला. ब्रिटनमध्ये १९९१ ते १९९५ या काळात १०९० रुग्ण निवडले गेले, सगळ्यांचे फुगवटे ४ ते ५.५ सेंटिमीटरमधले. कोणाची लगेच शस्त्रक्रिया करायची आणि कोणावर नुसती नजर ठेवायची, हे चिठ्ठीने ठरलं. सहा वर्षांनी पाहिलं तर जगण्या-मरण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. अमेरिकेतल्या तशाच चाचणीतही तेच दिसलं. म्हणून पुरुषांत साधारण ५.५ पर्यंत, बायकांत ५ पर्यंत थांबतात. नंतर पोट उघडून किंवा जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे कापड लावलेली जाळीची नळी, नेऊन दुरुस्ती करतात.

घरी आल्यावर मी त्या १०९० जणांचा विचार करत राहिलो. त्यांतल्या निम्म्यांनी फुटण्याची भीती पोटात घेऊन थांबायचं कबूल केलं, तेही थांबणं बरोबर की चूक हे कोणालाच ठाऊक नसताना. मी थांबलोय तो उत्तर माहीत असून. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मानेतून काढलेला थर संशोधनाला देणार का, असं शस्त्रक्रियेआधी विचारलं होतं आणि मी घाईत सही केली होती. नंतर त्यांनी त्याचा फोटो दाखवला. पिवळट, मध्ये तडकलेला, तडकल्या जागी जुन्या रक्ताचा डाग. अडथळा किती टक्के एवढं मोजून भागत नाही, थर मऊ आहे का, आत रक्तस्राव झालाय का यावरही धोका ठरतो, म्हणून हे तुकडे तपासतात. ती सही मी घाईत केली याचं मला वाईट वाटलं.

सिगारेट त्या पहिल्या डॉपलरपासून बंद आहे. रक्ताच्या नात्यात हा आजार आढळतो म्हणून धाकट्या भावालाही सोनोग्राफीला नेलं. त्याची महाधमनी २.१ आली. माझी वर्षाने ४.४ झाली.

फुगवटा वाढू न देणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकावर आशा होती, २०२० मध्ये तीही चाचणीत टिकली नाही. पण मधुमेह असलेल्यांत हे फुगवटे कमी दिसतात आणि हळू वाढतात, असं पुन्हा पुन्हा आढळलंय. त्याचं श्रेय मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीला जातं का, याचा शोध चालू आहे. मला मधुमेह नाही. तशा एका चाचणीत याल का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा सहीचे कागद मी घरी आणले, मुलीला शेजारी बसवून दोनदा वाचले आणि मग सही केली. रोज जेवणानंतर गोळी घेतो. ती औषधाची आहे की नुसतीच, हे मला माहीत नाही, मॅडमनाही नाही.